हाकेआधीची ओ

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मला त्यानं काही फरक पडत नाही. पण जे झालं ते झालं, आणि मी तिथे होते.

आधी हेही सांगते की मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही परंदवडीचे बौद्ध. आमच्या घरात अंगारा, उतारा, बाहेरची बाधा असल्या शब्दांना थाराच नव्हता. शेजारणीनं नुसतं 'झपाटलं' म्हटलं तरी आमचे वडील, आप्पा, ताटावरून उठायचे. त्यात मी फिजिक्स शिकलेली. म्हणजे दुप्पट हट्टी.

भयकथेला रात्र लागते म्हणतात.

माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे घडलं ते सगळं दिवेलागणीला घडलं, बाहेर लोक चहा पीत असताना. पण आम्ही ज्या खोलीत काम करतो, तिथे दिवस उगवतच नाही.

लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाताना डोंगराच्या कडेला एक संशोधन संस्था आहे. नाव सांगणार नाही. नोकरी करायची आहे मला अजून. तिथे मी लेझरवर काम करते. लोणावळ्याच्या धुक्यात लेझर चालवायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, पण ते ठरवणारे वेगळे आणि आरसे पुसणारे आम्ही वेगळे. खोलीला एकही खिडकी नाही. भिंती काळ्या. दार बंद केलं की फक्त कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड आणि व्हॅक्यूम पंपांची घरघर.

लोक विचारतात, नक्की करता काय गं तिथे?

सोपं करून सांगते, कारण पुढे ते लागणार आहे.

पाण्याची वाफ हेलियम वायूत मिसळायची आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून एका निर्वात पेटीत सोडायची. त्या पेटीला आम्ही चेंबर म्हणतो. तिथे ती वाफ इतकी गार पडते की पाण्याचे रेणू एकमेकांना बिलगतात. दोन-दोन, तीन-तीन, चार-चार. त्यांना एकत्र ठेवतो तो हायड्रोजन बंध. ती काही पक्की गाठ नसते. जत्रेत पोरानं आईचं बोट धरावं, तेवढंच. सुटतं, परत धरलं जातं. आणि हे सगळं इतक्या झटक्यात होतं की एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एखाद्या तुकड्यातच उरकतं.

ते बघायला आम्ही लेझरचे दोन ठोके सोडतो. पहिला ठोका रेणूंना धक्का देतो. दुसरा पाठोपाठ येऊन बघतो, काय झालं.

पहिल्या ठोक्याला आम्ही 'हाक' म्हणायचो आणि दुसऱ्याला 'ओ'.

हे बारसं केलं वल्लरीनं. वल्लरी माझी कामातली जोडीदारीण, तळेगावची. पीएचडी करते. कामाला वाघीण आहे, पण तोंडाला कुलूप नाही. ती नव्या विद्यार्थ्यांना समजवायची, "हाक आधी, ओ नंतर. दुसरा ठोका चुकून आधी पोचला तर पडद्यावर सरळ रेघ दिसली पाहिजे. अरे, हाकच मारली नाही तर ओ कोण देणार?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. आमच्या खोलीत डोळ्यांना फार जपावं लागतं. लेझरचा झोत डोळ्यात गेला तर डोळा गेलाच समजा. म्हणून नियम असा, की झोत अडवून धरणारं शटर उघडण्याआधी मोठ्यानं "बीम!" असं ओरडायचं. खोलीत जे कोणी असतील त्यांनी डोळ्यांवर गॉगल चढवून "ओ" द्यायची. सगळ्यांची ओ आली की मगच शटर उघडायचं. हा नियम आमच्या सरांचा, माधवरावांचा. 'येस' म्हटलेलं पंपांच्या घरघरीत ऐकू येत नाही, 'ओ' येते, असं त्यांचं म्हणणं.

खोलीत आम्ही दोघीच. त्यामुळे रोज दिवसभर माझी हाक आणि वल्लरीची ओ. नाहीतर तिची हाक आणि माझी ओ.

आता पवनबद्दल सांगते.

पवन माझा धाकटा भाऊ. नागफणीच्या कड्यावर टुरिस्ट लोकांना दोर लावून उतरवायचं काम करायचा. अंगानं सडपातळ, स्वभावानं निवांत. आई दारातून हाका मारून दमायची, "पवन्याऽऽ..." आणि तिसऱ्या हाकेनंतर कुठूनतरी आवाज यायचा, "ओऽ... आलो." ती ओ जरा नाकातली होती, शेवटाला वर चढायची. आणि 'आलो' म्हटल्यावर स्वारी अर्ध्या तासानं उगवायची. आम्ही त्याला चिडवायचो, तुझं आलो म्हणजे पुढच्या गाडीनं.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात पवन नागफणीवर गेला, तो परत आला नाही.

त्याच्यासोबत दत्तोबा होता, कुरवंड्याचा. दोघं पाऊस वाढला म्हणून दोर गुंडाळून परत निघाले होते. धुकं इतकं, की आपलाच हात दिसू नये. दत्तोबानं आम्हाला जे सांगितलं ते अजून माझ्या कानात आहे.

"ताई, पवन माज्या मागंच हुता. मधीच थांबला. 'ओ... आलो' म्हनला आन मागं फिरला."

"कुणी हाक मारली त्याला?" मी विचारलं.

दत्तोबानं डोक्यावरची टोपी काढली.

"कुनीच न्हाई, ताई. म्या तर कायबी ऐकलं न्हाई."

पोलीस आले, दोरवाले आले, ड्रोन उडवून झालं. दरी पिंजून काढली. त्याचा बूटसुद्धा सापडला नाही.

आमच्यात माणूस गेलं की जलदान विधी करतात. भन्ते येतात, वंदना होते, घरची माणसं पेल्यातलं पाणी ताटात सोडतात. नातेवाईक म्हणाले, आता उरकून घ्या. आई सगळ्यांवर कडाडली.

"त्यो गेलाच न्हाई तर पानी कुनाला देऊ?"

आणि तिनं ते सुरू केलं...

रोज दिवेलागणीला भामाबाई, म्हणजे माझी आई, दारात उभी राहायची आणि हाक मारायची. "पवन्याऽऽ..." थांबायची. परत. थांबायची. परत. तीन हाका मारून झाल्या की आत येऊन त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. सुरुवातीला गल्ली रडायची. मग गल्लीला सवय झाली. त्याचं मला जास्त वाईट वाटायचं.

आणि त्यातच तिच्या हृदयाची झडप बिघडली.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर ह्या बाई दिवाळी बघणार नाहीत. आईनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मी तितं दवाखान्यात पडू, आन त्यो हितं आला तर? हाक कोन मारंल त्याला?"

आप्पांनी समजावलं, मी पाया पडले, विहारातल्या बायका येऊन गेल्या. काही उपयोग नाही. जिना चढताना तिला धाप लागायची, पाय सुजायचे, ओठ निळे पडायचे. पण दिवेलागणीला ती दारात उभी. माझी आई त्या दारात मरणार, हे मला दिसत होतं. आणि मी काही करू शकत नव्हते.

हे सगळं असं चाललेलं असताना जानेवारीतली ती संध्याकाळ आली.

वल्लरी चेंबरच्या अलीकडे आरसा लावत होती. मी शटरजवळ. गॉगल चढवला, बटणावर हात ठेवला. 'बीम' म्हणायला तोंड उघडलं...

"ओऽ..."

मी अजून काहीच बोलले नव्हते.

आवाज पुरुषाचा होता. चेंबरच्या पलीकडून आला होता, जिथे फक्त भिंत आहे.

"कोण आलंय गं?" वल्लरीनं विचारलं.

कोणी येणं शक्यच नव्हतं. दार उघडलं की लेझर आपोआप बंद पडतो, तशी सोयच आहे. लेझर चालू होता. तरी आम्ही दिवे लावले. टेबलाखाली बघितलं. नळ्यांच्या मागे बघितलं.

कोणी नव्हतं.

"पंपाचा आवाज असेल," मी म्हटलं.

"पंप 'ओ' म्हणतो?" वल्लरी हसली. पण त्या दिवशी ती लवकर घरी गेली.

त्या संध्याकाळचे आकडे मी दुसऱ्या दिवशी बघितले. शून्याच्या डावीकडे, म्हणजे दुसरा ठोका पहिल्याच्या आधी पोचतो त्या भागात, सरळ रेघ हवी होती. तिथे एक बारीकसा उंचवटा होता.

सरांना दाखवलं. सरांकडे प्रत्येक गोष्टीची दोन उत्तरं ठरलेली असतात. घाटातून मालगाडी गेली असेल, टेबल हललं असेल. नाहीतर कुठल्यातरी आरशातून उजेड परत फिरला असेल. "आरसे पुसा," म्हणाले.

आरसे पुसले. उंचवटा पुन्हा आला. रोज नाही दिसायचा, पण दिसायचा तो संध्याकाळीच. शेवटी मी वैतागून पहिला ठोका पूर्ण अडवला. वाटेत काळा पुठ्ठाच उभा केला. म्हणजे हाक बंद.

उंचवटा तसाच राहिला.

वल्लरी पडद्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "चैताली, हाक नाहीये. ही ओ कोण देतंय?"

मी तिच्यावर खेकसले. मूर्खासारखं बोलू नकोस म्हटलं. पण तो पुठ्ठा काढायला मीही पुढे झाले नाही.

कारण तोवर तो आवाज मी आणखी काही वेळा ऐकला होता. जरा नाकातला. शेवटाला वर चढणारा.

मला तो ओळखता येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. मी फक्त स्वतःशी कबूल करत नव्हते.

एका संध्याकाळी ओ आली, आणि मी तशीच बाहेर पळाले. फोन आत नेता येत नाहीत, व्हरांड्यात ठेवलेले असतात. मी घरी फोन लावला. आप्पांनी उचलला. "काय गं?" ते म्हणाले. आणि त्यांच्या मागून, दाराकडून, आईचा आवाज आला...

"पवन्याऽऽ..."

ती पहिलीच हाक होती. मी मोजल्या. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी.

दुसऱ्या दिवशी तेच. आधी आमच्या खोलीत ओ. मग फोनवर आईची हाक. तिसऱ्या दिवशीही तेच. परंदवडीत आई हाक मारण्याआधी इथे डोंगरावर ओ येत होती. व्हरांड्याच्या कठड्यावर बसून मी रडले. वल्लरी बाहेर आली, तिला सगळं सांगितलं. पवनबद्दल तिला नुसतं माहीत होतं, त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ती आत जाऊन लेझर बंद करून आली आणि माझ्या शेजारी बसली.

आता प्रश्न एकच होता. आईला सांगायचं की नाही?

सांगितलं तर ती म्हणणार, बघ, माझा पवन आहे, मी म्हणत नव्हते? मग ऑपरेशन विसरायचंच. आणि नाही सांगितलं, तर ती कुणीच ओ देत नाही अशा दारात उभी राहून मरणार. इकडून काय आणि तिकडून काय.

बरेच दिवस मी गप्प राहिले. मग वाटलं, तिनं एकदा ऐकलं तर? मग मी तिला म्हणेन, आई, त्याची ओ तिकडे माझ्याकडे येते. ऐकायला मी आहे. तू बिनघोर दवाखान्यात जा.

मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

विज्ञान दिनाला आमच्याकडे घरच्या लोकांना संस्था बघायला बोलावतात. मी शनिवारी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"दिवेलागणीला दार सोडावं लागंल," ती म्हणाली.

"हो."

तिनं मेथी बाजूला सारली. मग आप्पांकडे वळली. "तुमी माराल हाक?"

आप्पांनी इतक्या दिवसांत एकदाही पवनला हाक मारली नव्हती. त्यांना हे सगळं पटतच नव्हतं. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मारतो. तू जा."

विज्ञान दिनाला शाळेच्या पोरांची झुंबड होती. संध्याकाळपर्यंत सगळे गेले. लेझर बंद केलेला. त्या दिवसापुरते पंपही बंद. मी आईला हाताला धरून आत आणलं. सोबत वल्लरी होती.

आईनं सगळीकडे बघितलं.

"हितं काम करतीस व्हय? असल्या अंधारात?"

"हो गं."

"आन पानी कुटं हाय?"

मी चेंबर दाखवला. आत किती थोडं पाणी असतं ते सांगितलं. "येवड्याशा पान्यासाटी येवडं सगळं?" ती म्हणाली, आणि वल्लरीला हसू आलं. आईलाही आलं. खूप दिवसांनी तिला हसताना बघितलं मी.

मग मी दिवे मालवले.

पंप बंद असताना ती खोली मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरघर नाही, काही नाही. आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तिला बसल्या जागी धाप लागत होती.

आम्ही थांबलो...

काही नाही.

आणखी थांबलो. मला वाटलं, आज येणार नाही. मला वेड लागलंय आणि मी आजारी आईला इतक्या लांब उगाच फरफटत आणलं.

आणि तेवढ्यात...

"ओऽ..."

चेंबरच्या पलीकडून. अगदी स्पष्ट.

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. ती रडतेय असं वाटलं. मीही रडत होते.

मग आईनं हाक मारली. दारातून मारायची तशी नाही. अगदी हळू, पाळण्यातल्या पोराला मारावी तशी.

"पवन्या..."

"ओऽ..."

लगेच. तिचा शब्द पुरता संपायच्या आत.

मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. ती आली नाही. आईचा हात माझ्या हातात हळूहळू गार पडत गेला. मग ती उठली.

"चल," ती म्हणाली.

"आई? काय झालं?"

"ह्यो पवन न्हाई."

"आई, आवाज त्याचाच आहे गं!"

आई तिथेच बोलली. त्या अंधारात उभं राहून, मोठ्यानं.

"आवाज त्याचाच हाय. पर माजा पवन तिसऱ्या हाकेबिगर कदीच ओ देत न्हवता. म्या देऊच दिली न्हाई. माजं म्हायेर कुरवंड्याचं. धुक्यात कोन हाक मारतंय, दिसत न्हाई. मानूस असंल तर तीनदा मारतं. दुसरं काय असंल तर त्याला तिसरी मारता येत न्हाई. पहिल्या हाकेला ओ दिली की ते वडून नेतं. ह्ये म्या पोराला चालायला लागल्यापासनं शिकवलंय. आन ह्यो तर हाकेच्या आदीच ओ देतोय. ह्याला घाई हाय. माज्या लेकाला कदी घाई न्हवती."

वल्लरीनं दिवे लावले. चेंबरच्या मागे भिंत होती, आणि भिंतीवर आम्हा तिघींच्या सावल्या. आईनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. नीट पदर घेतला आणि बाहेर गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत ती एकच वाक्य बोलली.

"आता पानी देऊन टाकू त्याला."

घरी पोचलो तेव्हा आप्पा उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्या हाक मारलीच न्हाई गं," ते आईला म्हणाले. "उभा ऱ्हायलो. तोंड उगडलं. पर नरड्यातनं आवाजच निगंना."

म्हणजे त्या संध्याकाळी परंदवडीत कुणी हाक मारलीच नव्हती. आणि तरी ओ आली होती.

पौर्णिमेला जलदान झालं. भन्ते आले. आईनं स्वतःच्या हातानं पेल्यातलं पाणी ताटात सोडलं. मला वाटलं होतं ती कोसळेल. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. पवनचा फोटो भिंतीवर लागला, त्याला हार घातला. मला मात्र तो हार बघवेना. मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. छान झालं. आई आता जिना चढते, संध्याकाळी विहारात जाते, तिथल्या बायकांकडून त्यांच्या सुनांच्या चुगल्या ऐकून येते. दिवेलागणीला ती दारात उभी राहत नाही.

माझी आई वाचली. त्यासाठी मी कुणाचे आभार मानायचे, मला कळत नाही.

आमच्या खोलीतली ओ त्या दिवसापासून बंद झाली. शून्याच्या डावीकडची रेघ सरळ झाली. सर खूश. "बघ, आरसे नीट पुसल्यावर कसं होतं," म्हणाले. मी होय सर म्हटलं. वल्लरीनं मात्र सरांच्या मागे लागून नियम बदलून घेतला. आता 'ओ' द्यायची नाही, प्रत्येकानं आपापल्या जागेवरचं बटण दाबायचं, हिरवा दिवा लागतो. "त्या खोलीत मी परत ओ म्हणणार नाही," ती म्हणाली. सर हसले, पण बटणं बसवून दिली.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

श्रावण आला. डोंगर धुक्यात गेला. एका संध्याकाळी वल्लरी कोपऱ्यात कॉम्प्युटरवर होती, त्याचेच इअरफोन कानात. मी चेंबरजवळ वाकून एक स्क्रू आवळत होते.

"ताये..."

माझ्या हातातला पाना खाली पडला.

मला 'ताये' एकच माणूस म्हणायचा. बाकी सगळ्यांना मी ताई, नाहीतर चैताली.

ओ माझ्या ओठांवर आली होती. अगदी आली होती. मी दातांनी ओठ दाबून धरला. नंतर आरशात बघितलं तर ओठातून रक्त आलं होतं.

मी थांबले. दुसरी हाक आली नाही.

दसरा झाल्यावर पुन्हा.

"ताये..."

मधे बराच वेळ गेला. पंपांची घरघर चाललेली. मला वाटलं, झालं, संपलं. आणि मग...

"ताये..."

दुसरी हाक. या वेळी वल्लरीनंही ऐकली. ती धावत आली आणि तिनं माझं तोंडच दाबून धरलं. "ओ देऊ नकोस. चैताली, नाही म्हणजे नाही." आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, किती वेळ कोण जाणे.

तिसरी आली नाही.

मधल्या काळात मला जर्मनीहून बोलावणं आलं होतं. हेच काम, याहून मोठा लेझर. असं बोलावणं आयुष्यात एकदा येतं. मी नकार कळवला. सर म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं? आईनं फोनवर विचारलं, "का गं गेली न्हाईस?"

"इथे काम आहे, आई," मी सांगितलं.

तिला काय सांगू? तिचं दारात उभं राहणं सुटलं आणि माझं सुरू झालं, हे सांगू? दिवेलागणीला मी ती खोली सोडत नाही. शनिवारीसुद्धा आता उशिरानं घरी जाते. मी तिथे नसताना त्यानं तिसरी हाक मारली तर?

आईचा नियम मला पाठ आहे. पवनलाही पाठ होता, तरी नागफणीवर त्यानं कितव्या हाकेला ओ दिली, कोण जाणे. तिसरी हाक आली, तर माणूस. आणि पवन माणूस असेल, तर आम्ही जिवंत पोराच्या नावानं पाणी सोडलंय.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही.

तो नियम आई त्या खोलीतच बोलली होती. अंधारात, मोठ्यानं. माणूस तीनदा मारतं, हे मी ऐकलं, वल्लरीनं ऐकलं...

आणि चेंबरच्या पलीकडे जे होतं, त्यानंही ऐकलं.

आधी त्याला घाई होती. आता नाही. श्रावणात एक हाक, दसऱ्यानंतर दोन.

तिसरी आली, तर तो माझा भाऊ असेल की आईचं बोलणं ऐकून शिकलेलं दुसरं काही, हे मला ओळखता येणार नाही. आईला कदाचित येईल, पण तिला मी तिथे परत नेणार नाही.

वल्लरीला मी वचन दिलंय, की काही झालं तरी गप्प राहीन.

ते खोटं आहे. तिसरी हाक आली, की मी ओ देणार आहे.